राजीच्या पेशी

ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उंब्रजला आमच्या घरी मी शीरखुर्म्याचा डबा भरत होते. डबा कडेगावला न्यायचा होता, माझ्या मैत्रिणीसाठी, राजीसाठी. खरं तर ईदच्या दिवशीच जायचं माझ्या मनात होतं, पण तिनंच फोनवर सांगितलं, आज तुमच्याकडं पाहुणे येतील, अम्मीला मदत कर, उद्या निवांत ये. बोलताना तिला धाप लागत होती, तरी चारोळी जास्त घाल हे सांगायला ती विसरली नव्हती. माझा मोबाइल खाली अब्बांच्या कापडदुकानात चार्जिंगला लावलेला होता. कडेगावचा फोन अब्बांनीच घेतला. ते जिना चढून वर आले, स्वयंपाकघराच्या दारात थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, डबा राहू दे." एवढंच. मी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, आणि ते हातात धरून तशीच उभी राहिले...

उंब्रजहून कडेगाव म्हणजे तासाभराचा रस्ता. अब्बांनी गाडी काढली. कराड मागं पडलं, विट्याचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंनी तुटलेल्या उसाची मोकळी रानं दिसू लागली. राजीच्या रानातल्या घरापुढं माणसं गोळा झाली होती. तिचे यजमान विलासभाऊजी, फौजेतून अलीकडेच निवृत्त होऊन आलेले, दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. राजीच्या सासूबाई, ज्यांना सगळे आक्का म्हणतात, माझ्या गळ्यात पडल्या आणि रडत रडत म्हणाल्या, "लय केलंस गं बाई तिच्यासाठी. तिच्या आजारावर औषध काढायला रात न्हाई बघितलीस, दिस न्हाई बघितलास." आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. एकीनं दुसरीला सांगितलं, हीच ती पुण्याची शास्त्रज्ञ मैत्रीण. मला तिथून उठून कुठंतरी लांब निघून जावंसं वाटलं. कारण मी औषध काढत नव्हते, निदान त्यांना वाटत होतं तसं नाही. मी प्रयोगशाळेत नेमकं काय करते हे त्या बायकांना कळलं असतं, तर त्यांनी मला त्या अंगणात बसू दिलं असतं का? हा प्रश्न तेव्हा मनात आला. आज काही महिने उलटून गेलेत, तो गेलेला नाही.

राजश्री आणि मी कराडच्या कॉलेजात एका वर्गात होतो. तिचं माहेर उंब्रजच्या जवळचंच, त्यामुळं जायची-यायची एसटीही एकच. ती मला नसीम कधी म्हणाली नाही, पहिल्या आठवड्यातच नसू करून टाकलं. मी पुढच्या बाकावर बसणारी, ती खिडकीपाशी. एकदा प्रात्यक्षिकात कांद्याच्या मुळाचं टोक काचेवर दाबून त्यातल्या पेशी कशा विभागतात ते बघायचं होतं. राजीनं अंगठ्यानं असा जोर लावला, की वरची पातळ काच तडकली आणि मुळाचा पार लगदा झाला. मग तिनं माझ्या सूक्ष्मदर्शकात डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मी मागून ढोसत होते, सर येतील, सर येतील. ती म्हणाली, अगं थांब की, एकीच्या दोन व्हायला लागल्यात. पेशी मारून, रंग देऊन काचेवर ठेवलेल्या असतात, त्या आपल्या डोळ्यांसमोर विभागत नाहीत, हे मी तिला समजावून सांगितलं. तिला ते पटलं नाही. मला तर हललेली दिसली, यावर ती परीक्षेपर्यंत ठाम होती.

बी.एस्सी. झाल्यावर मी पुण्याला गेले. राजीला घरच्यांनी शिकू दिलं नाही असं काही झालं नाही. तिचे वडील फी भरायला तयार होते. तिलाच शहरात राहायचं नव्हतं. विलासभाऊजींचं स्थळ आलं तेव्हा तिनं आधी विचारलं, रान कुठं आहे आणि पाणी कुठून येतं. मुलगा फौजेत, वर्षातून दोनदा घरी येणार, म्हणजे रान आपल्यालाच बघायला मिळणार, असा तिचा हिशेब, आणि तो खरा निघाला. तिनं रानातला ऊस स्वतःच्या हातात घेतला. एका वर्षी साखर कारखान्याची ऊसतोड काही केल्या येईना, उसाला तुरे फुटले, वजन घटायला लागलं. राजी कारखान्याच्या गट ऑफिसात गेली आणि डबा उघडून बसली. भांडली नाही, ओरडली नाही. दुपारी तिथल्या अधिकाऱ्याला आपल्यातली अर्धी भाकरी दिली, मिरचीचा खर्डा वाढला, आणि तिच्या रानातले तुरे वाऱ्यावर किती सुंदर दिसतात याचं वर्णन करत संध्याकाळपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तोडणीची टोळी तिच्या बांधावर हजर. हे सांगताना ती त्या अधिकाऱ्याचा चेहरा असा करून दाखवायची, की आक्का पदर तोंडाला लावून हसायच्या.

आमचं नातं टिकलं ते तिच्यामुळं. मी पुण्यात माझ्या कामात बुडालेली, फोन करायचं माझ्या लक्षात राहायचं नाही. ती मात्र मोहरम जवळ आला की आठवण करून देणार, कडेगावचे ताबूत बघायला यायचंय. आणि मी जायचे. तिच्या माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, उभं राहून दोघींनी ते लांबूनही दिसणारे उंच ताबूत बघायचे, मग तिनं मला रानातून हिंडवायचं. माझ्या संशोधनाबद्दल तिनं खोलात कधी विचारलं नव्हतं. कॅन्सरवर काम करते, एवढं तिला पुरेसं होतं, आणि ते ती गावभर सांगायची.

एक दिवस दुपारी तिचा फोन आला तो हसत हसतच. तिला छातीत गाठ लागली होती, ते तिनं अंगावर काढलं नव्हतं, लगेच सांगलीला दाखवून तपासायलाही दिलं होतं, हे मला माहीत होतं. त्या तपासणीचा रिपोर्ट आला होता. कॅन्सर आहेच, पण त्याचं तिला फारसं वाटत नव्हतं. "नसू, त्येंनी आनखी तीन टेस्ट केल्या हुत्या. तिन्ही निगेटिव्ह आल्यात बघ," ती म्हणाली. आक्कांनी देवापुढं साखर ठेवली होती. करोनाच्या दिवसांत आपण सगळे तो शब्द शिकलो होतो, निगेटिव्ह म्हणजे सुटलो. मी प्रयोगशाळेच्या जिन्यावर उभी होते. ती दोनदा हॅलो हॅलो म्हणाली, आणि मग तिचा आवाज बदलला. का गं, गप का झालीस? मी म्हटलं, रविवारी येते.

त्या रविवारी बांधावर बसून मी तिला जे सांगितलं, ते माझ्या रोजच्या कामाचं पहिलं पान आहे, विद्यार्थ्यांना शिकवताना माझ्या तोंडून घडाघडा बाहेर पडतं. तिला सांगताना मात्र माझी जीभ अडखळत होती. आपल्या शरीरातली पेशी आपल्या मनानं वाढत नाही. तिला ‘वाढ’ असं बाहेरून सांगावं लागतं. ते सांगणारे बारीक पदार्थ शरीरातच तयार होतात, त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. पेशीच्या अंगावर, बाहेरच्या बाजूला, त्यांना बसायला ठरावीक जागा असतात, ते रिसेप्टर. ग्रोथ फॅक्टर आपल्या जागी येऊन बसला, की रिसेप्टर आपला आकार बदलतो, शेजारच्या रिसेप्टरला जोडला जातो, आणि पेशीच्या आत निरोप जातो, वाढ, एकीच्या दोन हो. कापलेलं बोट भरून येतं ते यामुळंच. पण कॅन्सरच्या पेशीवर कधी कधी असे रिसेप्टर भलतेच जास्त उगवतात. म्हणजे तिला निरोपही जास्त मिळतात.

राजी ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी उसाला डोस दिल्यावर फुटवे फुटत्यात, तसं." मी म्हटलं, जवळजवळ तसंच. "मग डोस बंद करायचा." मी म्हटलं, औषधं तेच करतात. ती रिसेप्टरवर जाऊन बसतात, नाहीतर निरोप आतल्या आत अडवतात. छातीच्या कॅन्सरमध्ये तीन रिसेप्टर बघतात. दोन बाईच्या हार्मोनचे, एक वाढीचा. त्यातला एक जरी पेशीवर सापडला, तरी त्याच्यावर नेम धरून द्यायचं औषध असतं. तुझ्या पेशीवर तिन्ही नाहीत... निगेटिव्हचा अर्थ एवढाच की नेम धरायला जागा नाही. केमोथेरपी आहे, ऑपरेशन आहे, ते चांगलं लागू पडतं, पुष्कळ बायका बऱ्या होतात. हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं.

ती पायाजवळचं गवत उपटत राहिली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तू कशावर काम करतीस? ह्या तीनातल्याच कुठल्या?" मी सांगितलं, त्या तिसऱ्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा एक रिसेप्टर आहे, त्याच्यावर. "मग त्यो हाय का माझ्यात?" मी म्हटलं, तुझ्यासारख्या आजारात तो बहुतेक वेळा असतो, भरपूर असतो. तिचे डोळे एकदम चमकले. मग झालं की, असं ती म्हणणार एवढ्यात मला पुढचं सांगावं लागलं. त्या रिसेप्टरवरचं औषधही आहे, दुसऱ्या काही कॅन्सरमध्ये चालतं, पण या कॅन्सरमध्ये त्यानं फारसं काही होत नाही. का होत नाही, तेच आम्ही शोधतोय. किती वर्षं झाली, तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं हात झटकले, उठली, आणि मला म्हणाली की आक्कांना यातलं काही सांगू नको, त्यांची साखर वाटून झालीय.

पुढचं वर्ष सांगलीच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत गेलं. मी जमेल तेव्हा पुण्याहून रेल्वेनं जायची. लोणंद आलं की तिचा फोन ठरलेला, कुठवर आलीस? केमोच्या वॉर्डात ती खुर्चीवर बसलेली असायची, डोक्याला विलासभाऊजींचा फौजेतला मफलर गुंडाळलेला, हाताला नळी, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बाईची सगळी खबर तिला पाठ. एकदा तिथंच तिनं विचारलं, की तू दिवसभर नेमकं करतीस काय. मी सांगितलं. आमच्याकडं कॅन्सरच्या पेशी असतात, काचेसारख्या पारदर्शक बाटल्यांत. त्यांना अंगाएवढ्या उबेत ठेवावं लागतं. गुलाबी रंगाचं एक पोषक द्रव असतं, ते दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं. त्यात ग्रोथ फॅक्टर मिसळावा लागतो. सुट्टी असली, सण असला, तरी कुणीतरी जाऊन ते करायचं, नाहीतर पेशी मरतात. मग त्या ग्रोथ फॅक्टरला चमकणारा रंग जोडून आम्ही बघतो, की तो रिसेप्टरवर किती घट्ट बसतो, किती वेळ टिकतो, औषध घातल्यावर सुटतो का.

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजी तू कॅन्सर पाळतीस." शेजारची बाई हसली, नर्स हसली, राजी तर इतकी हसली की नळी हलली म्हणून तिला ओरडा बसला. मीही हसले. तेव्हापासून फोनवर तिचा पहिला प्रश्न हाच, तुझ्या जनावरांना वैरण घातलीस का? ती चेष्टा होती, पण रात्रंदिवस माझ्या मनात ती वाजत राहायची. ती तिकडं शरीरातल्या त्या पेशी मराव्यात म्हणून विष घेत होती, उलट्या काढत होती, तोंड आल्यामुळं चार-चार दिवस नुसत्या ताकावर राहत होती. आणि मी इकडं तसल्याच पेशी मरू नयेत म्हणून ईदच्या दिवशीसुद्धा कुणाला तरी पाठवत होते. हे आवश्यकच आहे, पेशी जिवंत ठेवल्याशिवाय औषध सापडत नाही, हे मला कळतं. कळतं म्हणून टोचायचं थांबतं असं नाही.

ऑपरेशन झालं, केस परत आले, मोहरमला तिनं मला माळवदावर नेलं. ते एक वर्ष बरं गेलं. नंतर तिला खोकला सुरू झाला. कॅन्सर फुफ्फुसापर्यंत गेला होता आणि फुफ्फुसाभोवती पाणी साठत होतं. ते सुई घालून काढलं की काही दिवस तिला श्वास घेता यायचा, मग पुन्हा साठायचं. एकदा मी तिच्याजवळ असतानाच डॉक्टरांनी पाणी काढलं. खाटेच्या कडेला बाटली होती, त्यात पिवळसर, किंचित तांबूस पाणी उतरत होतं. राजीनं बाटलीकडं बघत मला विचारलं, "ह्यात त्या पेशी असत्यात का?" मी म्हटलं, असतात. "मग हे फेकून का देत्यात? तुझ्या कामाचं न्हाई का?"

मी लगेच ‘नाही’ म्हणून टाकलं. असलं काही डोक्यात आणू नकोस, असंही म्हणाले. पण आज हे लिहिताना खोटं लिहिता येत नाही. ती बोलायच्या आधी तो विचार माझ्या मनात येऊन गेला होता. माझी मैत्रीण कुशीवर वळून, दात आवळून पडली होती, आणि तिच्या बाटलीकडं बघून मला असं वाटून गेलं होतं की यातल्या पेशी मिळाल्या तर... राजीनं माझ्या चेहऱ्यावर ते वाचलं की तिचं तिला सुचलं, हे मला कधीच कळणार नाही. तिनं मात्र डॉक्टरांना विचारलं, विलासभाऊजींना सांगितलं, आणि हट्ट धरला. भाऊजींना ते पसंत नव्हतं. ते मला एवढंच म्हणाले, ती म्हणतीय म्हणून. परवानग्या झाल्या, तिनं सही केली. मी जवळची आहे म्हणून मी त्या पेशींना हात लावायचा नाही असं ठरलं. माझी सहकारी मानसी सगळं करणार होती. बाटलीवर नाव जाणार नव्हतं, नुसता क्रमांक. पण तो क्रमांक कुणाचा, ते मला माहीत होतं.

रुग्णाच्या पेशी अशा सहजासहजी जगत नाहीत. बहुतेक वेळा काही दिवसांत मरतात. एके सकाळी मानसी माझ्या टेबलापाशी धावत आली आणि म्हणाली, लागल्या. पेशी बाटलीच्या तळाला चिकटल्या होत्या, पाय पसरून बसाव्यात तशा पसरल्या होत्या, विभागत होत्या. मी जाऊन बघितलं. रिसेप्टर इतके, की चमकणारा ग्रोथ फॅक्टर घातल्यावर प्रत्येक पेशीची कड हिरवी उजळली. तो इतका घट्ट, इतका लख्ख बसलेला आम्ही फारसा पाहिलाच नव्हता. मी मानसीला मिठी मारली. आम्ही दोघी चहा प्यायला गेलो, आता पुढं काय काय करता येईल याबद्दल उत्साहानं बोलत बसलो, आणि चहा अर्धा झाल्यावर विलासभाऊजींचा फोन आला, की घरी ऑक्सिजनचं मशीन आणलंय, हिला आता त्याच्याशिवाय झोपता येत नाही. बाटलीत ज्या जोमानं त्या पेशी वाढत होत्या, त्याच जोमानं त्या तिच्या छातीत वाढत होत्या. त्यात वेगळं काही नव्हतंच. मला ज्याचा आनंद झाला, तेच तिला मारत होतं... तो चहाचा कप मी तसाच ठेवला. पण आनंद झाला होता, तो झाला नाही असं करता येत नाही.

राजीला मी हे सगळं सांगितलं, रमजान सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात. ती अंगणात उन्हाला खाटेवर बसली होती, पाठीला दोन उशा, नाकाला नळी. पेशी लागल्या म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. माझ्याच हायत, जगणारच, म्हणाली. मग मी सांगितलं की मला आनंद झाला, चहा प्यायले, आणि मला स्वतःची लाज वाटली. सांगताना मी रडत होते. तिनं मला रडू दिलं. तिच्यापाशी बोलण्याइतका श्वास नव्हता, त्यामुळं एकेका वाक्यानंतर ती थांबत होती.

"त्यांचा उपेग हुईल का?"

"होईल. पण राजी, तुला नाही होणार."

"मला ठाव हाय. मी माझं न्हाई इचारलं." मग दम घेऊन ती म्हणाली, "तुला आनंद झाला, ते बरं झालं. माझ्या ह्या आजारानं कुणाला तरी आनंद झाला की."

ती हे टोचून म्हणाली नव्हती. ती हसत होती, माझा हात तिच्या हातात होता. पण टोचून म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. राजीनं माझ्यासाठी मागायला काही शिल्लकच ठेवलं नाही. आमची ती शेवटची भेट.

ती गेल्यावर महिन्याभरानं विलासभाऊजी पुण्याला आले. आदल्या दिवशी फोन करून म्हणाले, नसीमताई, मला ते बघायचंय. ते काय बघायला येताहेत आणि का, हे मला आवाजावरूनच समजलं. सकाळच्या गाडीनं आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत आक्कांनी दिलेली गुळाची ढेप. चहा घ्यायलाही बसले नाहीत. म्हणाले, "ताई, मी बंद करा म्हणायला आलोय. जेनं तिला खाल्लं, त्येला तुमी खायला घालताय. मला झोप लागत न्हाई." मी त्यांना सांगितलं की तुमची तशी इच्छा असेल तर मी वरिष्ठांशी बोलेन, ऐकतील. माझ्या मनातून तर त्यांनी तसंच म्हणावं असं होतं. ते बंद करा यावर ठाम राहिले असते, तर मी सुटले असते.

तरी एकदा बघतो, म्हणाले. मी त्यांना पांढरा कोट, पायांत आवरणं घालायला दिली. मानसीनं बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, नीट दिसेल असं केलं. भाऊजी वाकले. आयुष्यभर दुर्बिणीतून टेकड्या बघितलेला माणूस, त्यांना डोळा कसा लावायचा ते सांगावं लागलं नाही. ते बघत राहिले. आम्ही दोघी मागं उभ्या होतो. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळा न काढता विचारलं, "ह्यात आजार कुठला आन् ती कुठली?"

मी खरं तेच सांगितलं. वेगळं करता येत नाही, भाऊजी. सगळ्या तिच्याच पेशी आहेत. वाट चुकलेल्या, पण तिच्याच.

ते सरळ झाले. रुमालानं डोळे पुसले, घडी घातली, खिशात ठेवला. मला वाटलं हुतं बघितल्यावर राग येईल, असं काहीतरी ते पुटपुटले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तिची ऑर्डर हुती." कराडच्या गाडीला वेळ होता, तरी ते थांबले नाहीत. मी खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. जाताना त्यांनी मला नमस्कार केला. मी त्यांच्यापेक्षा वयानं लहान आहे.

आता मानसी सहा महिन्यांसाठी परदेशी गेली आहे, आणि मी हात लावायचा नाही हे ठरलेलं बाजूला ठेवून, प्रमुखांनीच विचारल्यावर, ते काम मी घेतलं आहे. आठवड्यातून तीनदा मी त्या खोलीत जाते. हातमोजे घालते, बाटली काढते, जुना द्रव शोषून घेते, नवा घालते. बाटली भरून आली की पेशींसाठी जागा करावी लागते. निम्म्या पुढच्या बाटलीत घालायच्या, उरलेल्या ब्लीचमध्ये टाकून मारायच्या. इतकी वर्षं हे करताना माझा हात कधी थांबला नव्हता. कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्या टाकायच्या याला काही अर्थ नसतो, सगळ्या सारख्याच, तरी आता थांबतो. उघड्या बाटलीपाशी बोलायचं नाही असा आमच्याकडं नियम आहे, श्वासातलं काही आत जाऊ नये म्हणून. राजीला हा नियम एक मिनिटही पाळता आला नसता. मी पाळते. नव्या द्रवात ग्रोथ फॅक्टरचे चार थेंब घालते, झाकण फिरवते, आणि ते तिच्या पेशींना जाऊन चिकटेपर्यंत तिथंच उभी राहते.